पन्नाशीत नव्या गावी माणसे जोडताना

राष्ट्रीयीकृत बँकेत पदोन्नती स्वीकारायची तर बदलीही स्वीकारावी लागते, हे नोकरीला लागल्यापासूनच माहीत असते. तरीही वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, मुलगी शिक्षणासाठी परगावी, सासूबाई ऐंशीच्या पुढे आणि यजमानांचा हळदीच्या अडतीचा व्यवसाय सांगलीच्या मार्केट यार्डाशी बांधलेला, अशा स्थितीत २०२३ च्या मार्च महिन्यात नागपूरचा आदेश हाती पडला, तेव्हा आमच्या घरात काही दिवस त्या विषयावर कोणी बोलेचना. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला. ‘‘जा गं तू. जायचं नव्हतं तर परीक्षा कशाला दिलीस?’’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी एकटीने नागपूरला बिऱ्हाड करायचे ठरले.

घर, भांडीकुंडी, गॅस, डबा, औषधे या सगळ्यांची काळजी घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने केली. तिथे बोलायला माणसे कोण असतील, हा विचार मात्र कोणालाच सुचला नाही. सांगलीतल्या माझ्या मैत्रिणी मी प्रयत्नाने मिळवलेल्या नव्हत्या. काही शाळेतल्या होत्या, काही गावभागातल्या वाड्यातल्या शेजारणींच्या सुना होत्या, काही पहाटे आमराईत फिरताना वर्षानुवर्षे भेटून आपल्याशा झालेल्या होत्या. त्या कधी जोडल्या गेल्या हे आठवतही नाही. त्यामुळे पन्नाशीनंतर मैत्री करायची म्हणजे नेमके काय करायचे, याचा मला काहीही अनुभव नव्हता. तो कसा येत गेला ते लिहून ठेवावे असे वाटले, कारण बदलीवर जाणाऱ्या, मुलाकडे राहायला जाणाऱ्या किंवा निवृत्तीनंतर गाव बदलणाऱ्या माझ्या वयाच्या बायका हल्ली पुष्कळ आहेत आणि त्यांना मिळणारे सगळे सल्ले बहुधा घर कसे लावावे एवढ्यापुरतेच असतात.

सांगली आणि नागपूर ही दोन्ही गावे एकाच राज्यात असली, तरी महाराष्ट्र एक्स्प्रेसने जाताना अख्खा एक दिवस गाडीत काढावा लागतो, आणि मधल्या अंतरात नुसते रूळच नाहीत, इतिहासही आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि त्याची खूण आजही बाजारात पावलोपावली दिसते. भाजीवाला, रिक्षावाला, दुकानदार अनोळखी माणसाशी आधी हिंदीत बोलतो आणि समोरचा मराठी आहे हे कळल्यावर सहज मराठीत येतो. मी बोलू लागले की मात्र लगेच विचारणा होई, ‘‘तुम्ही पुण्याकडच्या का जी?’’ सांगली पुण्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे, हे सांगून काही उपयोग नसे. औरंगाबादच्या पलीकडचे सगळे पुण्याकडचेच, अशी तिथली साधी सोपी विभागणी आहे, आणि खरे सांगायचे तर सांगलीत आम्हीही अकोल्याच्या माणसाला ‘नागपूरकडचा’ म्हणत आलोच आहोत.

पहिल्या महिन्यात मला एकटे वाटले नाही, कारण शाखेतली मंडळी फार अगत्याची होती. घर शोधण्यापासून पाण्याच्या फिल्टरपर्यंत सगळे त्यांनी करून दिले, तर्री-पोहे कुठे खावेत आणि कुठे खाऊ नयेत यावर गंभीर चर्चा करून मला यादी दिली. पण शाखा व्यवस्थापकाच्या खुर्चीला एक मर्यादा असते. ज्यांच्या रजा मंजूर करायच्या, ज्यांचे वार्षिक मूल्यमापन लिहायचे, त्यांच्याकडे रविवारी संध्याकाळी जाऊन ‘आज मला करमत नाही’ असे म्हणता येत नाही, आणि म्हटले तरी समोरचा माणूस ते सहकाऱ्याच्या कानाने ऐकत नाही, हाताखालच्याच्या कानाने ऐकतो. ग्राहकांचेही तसेच. जो आपल्याला घरी जेवायला बोलावतो त्याचे कर्जप्रकरण आपल्याच टेबलावर असण्याची शक्यता असते. त्यामुळे मैत्री बँकेच्या बाहेरच शोधावी लागणार, हे लवकर स्पष्ट झाले.

बाहेर शोधायची म्हणजे कुठे? सगळे सांगतात त्या वाटा मी चालून पाहिल्या. अंबाझरी तलावाच्या बाजूला पहाटे फिरणाऱ्यांचा एक गट होता, त्यात जाऊ लागले. लोक चांगले होते, हसून बोलत, पण प्रत्येकाची चाल वेगळी, वेळ वेगळी आणि बोलणे नेहमी रक्तातल्या साखरेपासून सुरू होऊन गुडघ्यांपर्यंत संपणारे. पुढे वर्षभर आम्ही एकमेकांना नमस्कार करत राहिलो आणि तो नमस्कारच राहिला. गल्लीतल्या महिलांची भिशी होती, तिथेही नाव घातले. दरमहा ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिच्या घरी पुढची बैठक, तिने करायचा फराळ आणि एखादा खेळ अशी ती रीतसर व्यवस्था होती. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, इतकी खुसखुशीत असू शकते हे मला तिथे कळले. पण वीस-बावीस वर्षे एकत्र असलेल्या बायकांच्या बोलण्यातले निम्मे संदर्भ नवख्या बाईला लागत नाहीत, आणि ते समजावून सांगायला कोणी थांबत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. सांगलीतल्या आमच्या कट्ट्यावर कोणी नवीन आली असती, तर तिचेही असेच झाले असते.

या काळात रात्रीचा फोन हा माझा आधार होता. यजमान, सासूबाई, मुलगी, मग दोन जुन्या मैत्रिणी अशी रांग लावून मी नऊ ते साडेदहा फोनवर असे. त्याने मन शांत होई, पण नागपुरातली माझी संध्याकाळ मी खरे तर सांगलीतच घालवत होते. हे माझ्या लक्षात आणून दिले ते घरमालकीण काकूंनी, आणि तेही कूलरच्या निमित्ताने.

मी अंबाझरीच्या खालच्या बाजूस असलेल्या एका ले-आउटमध्ये पहिल्या मजल्यावर राहते. तळमजल्यावर सत्तरी ओलांडलेले काका-काकू असतात, त्यांचा मुलगा हैदराबादला आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आणि गारा झाल्यामुळे उन्हाळा नेहमीसारखा तापला नव्हता, तरी काकू एका संध्याकाळी जिना चढून वर आल्या. ‘‘मॅडम, कूलर नाही लावला अजून? नवतपा आला म्हणजे काय कराल? आणि रोज इतका वेळ फोनवर कोणाशी बोलता? गच्चीवर येत जा न.’’ नवतपा म्हणजे मे संपतानाचे कडक उन्हाचे नऊ दिवस. सांगलीत आम्ही पंख्यावर भागवतो. नागपुरात कूलर हे घरातले एक माणूस असते. मार्च आला की माळ्यावरून त्याला उतरवायचे, पत्र्याचा गंज खरवडून रंग द्यायचा, तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतले जुने गवत काढून नवे गवत किंवा खस भरायची, पंप चालतो का ते पाहायचे, मग खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवून पाण्याच्या पाइपची सोय करायची. हे एकट्याने होत नाही. निदान दोन माणसे लागतातच, आणि खिडकी उंचावर असेल तर तीन.

काकूंच्या सांगण्यावरून समोरच्या घरातल्या वहिनी आल्या. त्यांचे औषधांचे दुकान आहे आणि त्या स्वतः फार्मसिस्ट आहेत. आम्ही दोघींनी मिळून काकांच्या देखरेखीखाली काकूंचा जुना कूलर माझ्या खिडकीत बसवला. खस भरताना हात खरचटले, पंप उलटा जोडला गेला, काका खालून सूचना देत राहिले आणि वहिनी त्यातली एकही न ऐकता हो म्हणत राहिल्या. कूलर चालवताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत नुसती ओल भरते, पाणी भरताना आधी बटण बंद करायचे, पत्र्याला हात लावायचा नाही, हे सगळे त्यांनी मला शिकवले. त्या दोन-अडीच तासांत आम्ही एकमेकींच्या मुलाबाळांची चौकशीसुद्धा केली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी वहिनींनी दुकानातून जाताना खालूनच हाक मारली, ‘‘कूलर चालला का रात्रभर?’’ आणि भिशीच्या बैठकांत जे झाले नव्हते ते तिथे झाले होते.

यावर मी पुष्कळ विचार केला, आणि आजही माझे मत तेच आहे. या वयात समोरासमोर बसून ओळख वाढवायला गेले की दोघीही आपापल्या आयुष्याचा गोषवारा सांगतात, तो सांगून संपला की बोलायला काही उरत नाही. एखादे काम मध्ये असले की नजर कामावर राहते, बोलणे सवडीने येते, गप्प बसले तरी अवघडत नाही आणि उद्या पुन्हा भेटायला कारण उरते. त्यातही आपण मदत करण्यापेक्षा मदत मागणे अधिक उपयोगी पडते, असे मला दिसून आले. ‘काही लागलं तर सांगजा’ असे नागपुरात प्रत्येक जण म्हणतो. मी ते शब्दशः घ्यायचे ठरवले आणि खरोखरच सांगू लागले. विळीला धार कुठे लावून मिळते, ज्वारी कुठल्या चक्कीवर बारीक दळतात, मे महिन्यात कुरडयांचा चीक शिजवताना ढवळायला कोणी येईल का. माझ्यासारख्या ‘मॅडम’ने असे काही मागितले की समोरच्या माणसाचा चेहरा मोकळा होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

याच विचाराने जूनमध्ये मी जवळच्या वाचनालयाच्या फलकावर लावलेली अभिवाचनाची सूचना वाचून एका बुधवारी संध्याकाळी तिथे गेले. सांगलीत वाढलेल्या माणसाला नाटकाचे वेड लागले नाही तरी वारा लागलेला असतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले ते सांगलीतच, आणि शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात हे आम्हाला ऐकवले जाई. वाचनालयातला गट लहान होता. एक निवृत्त शिक्षिका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता, विद्यापीठात संशोधन करणारा ब्रह्मपुरीकडचा एक तरुण, आणखी चार-पाच जण. टेबलाभोवती बसून, भूमिका वाटून घेऊन, नाटक मोठ्याने वाचायचे, अंक संपला की चहा, आणि चहाबरोबर वाचलेल्या अंकावर वाद. मी ऐकायला म्हणून गेले होते, पण त्या दिवशी कोणीतरी आले नव्हते, त्यामुळे मोलकरणीची चार वाक्ये माझ्या वाट्याला आली. वाचून झाल्यावर शिक्षिकाबाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, ‘‘आवाज चांगला आहे, पण तुमची मोलकरीण फार पुणेरी वाटते.’’ सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर बुधवार चुकवायचा नाही असा नेमच झाला.

अभिवाचनाचा आणखी एक फायदा असा, की दुसऱ्याच्या तोंडची वाक्ये बोलता बोलता स्वतःबद्दल सांगायची घाई राहत नाही. अभियंत्यांच्या पत्नीचे काही वर्षांपूर्वी निधन झाले आहे, हे मला खूप उशिरा कळले, तेही एका प्रवेशात ते थांबले आणि पुढचे वाक्य शिक्षिकाबाईंनी सहज वाचून टाकले म्हणून. कोणी काही बोलले नाही. चहा नेहमीसारखा आला. त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलताना मला उगाच विषय शोधावा लागला नाही.

सप्टेंबरमध्ये गणपती आले आणि त्यांच्यामागून महालक्ष्म्या. आमच्याकडे गौरी म्हणतात त्या विदर्भात महालक्ष्म्या होतात, आणि त्यांचा थाटही मोठा असतो. काकूंकडे ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या होत्या, भरजरी साड्या नेसवलेल्या, समोर त्यांची बाळे, वर फुलोरा टांगलेला. २२ सप्टेंबरला जेवण होते. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, आणि ज्वारीची आंबील. आदल्या दिवसापासून मी आणि वहिनी काकूंच्या स्वयंपाकघरात होतो. भाज्या निवडणे, पुरण वाटणे, पंगत वाढणे यांत रात्रीचे अकरा वाजले. उरलेली भांडी सकाळी घासू, चौथा शनिवार आहे, बँकेला सुट्टी आहे, असे म्हणत मी वर येऊन झोपले.

पाऊस मध्यरात्रीनंतर सुरू झाला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठची वस्ती अंधारातच पाण्याखाली गेली, हे सगळे नंतर कळले. आम्हाला कळले ते एवढेच, की तीनच्या सुमारास काका दार ठोठावत होते आणि खाली काकूंच्या पायांना पाणी लागत होते. वीज गेली होती. काकू पहिल्यांदा म्हणाल्या, ‘‘महालक्ष्म्या वर न्या.’’ मी एक मुखवटा घेतला, काकूंनी दुसरा, काकांनी बाळे. मग औषधे, चष्मे, कागदपत्रांची पेटी. तिसऱ्या फेरीला पाणी गुडघ्याच्या वर आले होते आणि फ्रिज हलू लागला होता, तेव्हा मी त्यांना खाली जाऊ दिले नाही. सकाळी गच्चीवरून पाहिले तर रस्ता राहिलाच नव्हता. वाहत्या पाण्यातून स्कूटर जात होती, तीही चालवणाऱ्यावाचून. खालच्या भागात बोटी आल्या होत्या.

इथे मला सांगलीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. आमचे घर गावभागात आहे. २००५ साली आमच्याकडे पाणी आले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आले, २०२१ मध्ये पुन्हा आले. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तर धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पण कृष्णा सांगून येते. कोयनेतून किती पाणी सोडले, पूल किती फुटांवर आहे, पाणी किती वाजता कुठल्या चौकात येईल, हे गावभागातले पोरही सांगते, आणि त्यामुळे सामान वर चढवायला वेळ मिळतो. नागपुरात पाणी काही तासांत आले आणि काही तासांत गेले. वेळ कोणालाच मिळाला नाही. अभियंत्यांनी नंतर मला कागदावर आकृती काढून दाखवले, की तलावाचा सांडवा नदीत उतरतो, नदीचे पात्र मात्र वस्तीतून जाताना चिंचोळे होत गेले आहे, आणि नदीकडे नाला म्हणूनच पाहायची सवय लागल्यावर ती कधी नदीसारखी वागेल याचा विसर पडतो.

दुपारी पाणी ओसरले तेव्हा काका-काकू उंबरठ्यावर उभे राहून नुसते पाहत होते. घरभर चिखल, उलटलेला फ्रिज, पुरणाचे पातेले दिवाणाखाली. आणि त्या क्षणी, नागपुरात आल्यापासून पहिल्यांदा, मला आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होते. मुख्य बटण बंद आहे ना ते आधी पाहायचे आणि इलेक्ट्रिशियन तपासेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आवरायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे, कारण पंचनाम्याला आणि विम्याला ते लागतात. चिखल ओला आहे तोवरच काढायचा, एकदा वाळला की तो फरशीला सिमेंटसारखा धरतो. गाद्या वाचवायच्या नादी लागायचे नाही. भिजलेले कागद एकमेकांपासून ओढून सोडवायचे नाहीत, मध्ये वर्तमानपत्र घालून सावलीत वाळवायचे. फोटोंचे अल्बम स्वच्छ पाण्यातून काढून एकेक फोटो चित्राची बाजू वर करून ठेवायचा. पाण्याची टाकी उपसून ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय तिचे पाणी वापरायचे नाही. मी हे सगळे भराभर सांगत होते आणि लोक करत होते.

संध्याकाळपर्यंत वाचनालयातले निम्मे लोक आले. मी कोणाला बोलावले नव्हते. वहिनींचे दुकान उंचावर असल्याने वाचले होते, त्या औषधे आणि ब्लीचिंग पावडर घेऊन आल्या. ब्रह्मपुरीचा संशोधक खराटा आणि दोन मित्र घेऊन आला. शिक्षिकाबाईंना वाकता येत नाही, त्या वर माझ्या खोलीत दोरीवर काका-काकूंच्या लग्नाचे फोटो वाळत घालत बसल्या. त्या दिवशी विसर्जनाचा मुहूर्त होता. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन्ही मुखवटे मांडून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून, चिखलाने माखलेल्या कपड्यांनीच आम्ही महालक्ष्म्यांवर अक्षता टाकल्या. काकू म्हणाल्या, ‘‘यावर्षी माहेर वरच्या मजल्यावर झालं त्यांचं.’’ मग त्या रडल्या, आणि मग आम्ही सगळ्यांनी उरलेली आंबील प्यायलो. ती वरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती म्हणून वाचली होती.

पुढचे काही आठवडे काका-काकू माझ्याकडेच राहिले. खालच्या भिंतींची ओल जायला दिवाळी उजाडली. त्या काळात मला ‘मॅडम’ म्हणणे कोणत्या दिवशी बंद झाले ते मला सांगता येणार नाही, पण दिवाळीत काकू मला नावाने, एकेरीत हाक मारत होत्या आणि चकलीची भाजणी बिघडल्याबद्दल बोलही लावत होत्या.

पुराने सगळ्यांना जवळ आणले असे मात्र मी म्हणणार नाही. ज्यांच्याशी आधी काही धागा होता, त्यांच्याशीच तो घट्ट झाला. गल्लीतल्या इतर घरांशी त्या आठवड्यात खूप बोलणे झाले, भांडी-चादरींची देवघेव झाली, आणि महिनाभरात सगळे पुन्हा आपापल्या फाटकांच्या आत गेले. संकटात माणसे एकत्र येतात हे खरे असले, तरी संकट संपल्यावर भेटायला दुसरे काही निमित्त लागते. आमच्याकडे बुधवार होता.

त्या हिवाळ्यात संशोधक मुलगा आम्हाला ब्रह्मपुरीजवळच्या एका गावी झाडीपट्टीचे नाटक पाहायला घेऊन गेला. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटके चालतात, वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत आणि तिथे तारखा ठरतात, हे मी ऐकून होते. पण रात्री दहाच्या पुढे सुरू झालेले नाटक, मंचासमोर बसलेले वादक, मध्येमध्ये गाणी, पाहुण्यांनी भरलेली घरे आणि अंक संपताना आसपास चाललेली सोयरिकीची बोलणी, हे सगळे थंडीत कांबळे पांघरून पाहिल्यावर, सांगलीची, म्हणजे नाट्यपंढरीची म्हणून असलेली माझी मिजास बरीच उतरली. शिक्षिकाबाई तिसऱ्या अंकात घोरत होत्या. अभियंता मात्र पहाटेपर्यंत टक्क जागे होते आणि परतीच्या वाटेवर त्यांनी नायकाचे संवाद आम्हाला पुन्हा म्हणून दाखवले. याच प्रवासात त्यांनी पत्नीबद्दल पहिल्यांदा आपणहून सांगितले. ती गोंदियाची होती आणि दरवर्षी मंडईला माहेरी जात असे.

सांगलीतल्या मैत्रिणींचे काय झाले, हे विचारले जाते. रात्रीचे फोन आता रोज होत नाहीत, याचे त्यांना सुरुवातीला वाईट वाटले आणि एकीने ते बोलूनही दाखवले. मी तिला काही समजावले नाही. तिला नागपूरला बोलावून आठ दिवस ठेवून घेतले आणि एका बुधवारी वाचनालयात नेऊन बसवले. शिक्षिकाबाईंना तिचा आवाज माझ्यापेक्षा बरा वाटला, त्याबद्दल मी अजून दोघींनाही माफ केलेले नाही. यजमान वर्षातून दोन-तीनदा येतात. काकांशी त्यांचे संत्र्याच्या भावावरून सुरू झालेले बोलणे हळदीच्या भावावर येऊन थांबते, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या मालातले काही कळत नाही असे दोघांचेही मत आहे.

माझी नागपुरातली तीन वर्षे आता पूर्ण होत आली आहेत आणि पुढची बदली कुठे होईल ते बँकेलाच माहीत. त्याआधी सगळ्यांनी एकदा सांगलीला यायचे असे ठरले आहे. अभियंत्यांना १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आणि त्याच्यावरच्या पातळीच्या खुणा पाहायच्या आहेत, शिक्षिकाबाईंना भाव्यांच्या नावाचे नाट्यमंदिर, आणि काकूंना माझ्या सासूबाई. महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटे काढली आहेत. प्रवासात कोणी काय करून आणायचे यावरून वाद चालू आहे, काकूंनी पुऱ्यांची जबाबदारी घेतली आहे आणि माझ्याकडे कोणी काहीही सोपवलेले नाही. पाच जणांची तिकिटे पक्की झाली, अभियंत्यांचे अजून वेटिंगवर आहे.